थांबली की थांबवली

भाषांतर आता यंत्रं करतात. मी सही करते.

माणसाची सही हवीच असा कायदा आहे, म्हणून माझं बरं चाललंय. नाहीतर गोव्याच्या वेशीवरच्या बांद्यात बसून पोर्तुगीज शिकलेल्या बाईला कोण विचारतंय! माझ्या सासूबाई, ज्यांना सगळं गाव आये म्हणतं, शेजारणींना सांगतात, “आमची सून सह्या करता.” ऐकणाऱ्याला वाटावं, मी कलेक्टर आहे. काम मात्र साधं. ‘आशय’ नावाचा प्रोग्रॅम इंग्रजी वाक्याचं पोर्तुगीज करतो आणि शेजारी टक्के लिहितो, म्हणजे आपल्याला या शब्दाची किती खात्री वाटते ते. मी वाचते, पटलं तर सही करते, नाहीतर शब्द बदलते. औषधांच्या सूचना, पंपांची माहितीपत्रकं, यंत्रांच्या पडद्यावरचे शब्द, असलं सगळं. चूक निघाली तर यंत्राला जाब विचारता येत नाही, म्हणून मध्ये एक माणसाची मान लागते. ती माझी, हेमांगी मडुरकर हिची.

एका शनिवारी दुपारी एकच्या सुमाराला बैराहून फोन आला. बैरा हे मोझांबिकमधलं बंदर. माझा नवरा अंकुश दोन वर्षांपासून तिथे क्रेन दुरुस्तीच्या कामावर होता. सोमवारी तो क्रेनच्या शिडीवरून पडला, डोक्याला जबर मार लागला, आणि त्याला तिथल्या रुग्णालयात ‘विराम’ यंत्रात ठेवलं, एवढं मला कळलं होतं. मी बॅग भरून बसले होते. व्हिसाचा कागद मुंबईच्या कुठल्याशा टेबलावर पडून होता, आणि मी रोज त्या टेबलाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते.

फोनवर दोतोरा सेलेश्त होत्या, अंकुशच्या डॉक्टर. चाळिशीच्या, आवाज दमलेला. आमचं बोलणं पोर्तुगीजमधून व्हायचं, त्या मला ‘दोना’, म्हणजे बाई, म्हणायच्या.

“दोना हेमांगी, बातमी चांगली नाही,” त्या म्हणाल्या. “गुरुवारी सकाळपासून पडदा एकच सांगतोय. आम्ही नियमाप्रमाणे बहात्तर तास थांबतो. ते उद्या सकाळी दहाला पुरे होतील. मग यंत्र बंद करावं लागेल. आमच्याकडे चारच यंत्रं आहेत आणि बाहेर रांग आहे. मला माफ करा.”

“पडदा काय सांगतोय?”

त्यांनी फोन वळवून यंत्रासमोर धरला. काचेमागे अंकुशची हनुवटी दिसली, दाढी वाढलेली. वर हिरव्या पडद्यावर पांढरी अक्षरं होती: आतिव्हिदाद एंसेरादा. क्रिया समाप्त.

ते दोन शब्द मी ओळखले. ओळखणारच. त्यांच्यावर सही माझी होती.

‘विराम’ काय करतं ते आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आमच्याकडे पाऊस संपला की बेडूक चिखलात गाडून घेतात आणि महिनोन्‌महिने तसेच पडून राहतात. थंड मुलखातल्या काही खारी तर याहून पुढच्या. हिवाळ्यात त्यांचं अंग बर्फाइतकं गार होतं, हृदय मिनिटाला तीन-चार ठोके देतं, मेंदूतले विजेचे संदेश जवळजवळ नाहीसे होतात. मेंदूतल्या पेशींनी एकमेकींना दिलेले हातसुद्धा त्या मागे घेतात. वसंत आला की अंग तापतं, पेशी पुन्हा हात पुढे करतात, आणि खार उठून खायला शोधायला लागते. तेवढ्या काळात तिच्या मेंदूला प्राणवायू जवळपास लागतच नाही.

डोक्याला मार लागला की माणूस पुष्कळदा माराने मरत नाही, नंतरच्या सुजेने मरतो. सुजलेल्या मेंदूला रक्त पोचत नाही, आणि तो मात्र प्राणवायू मागत राहतो. मग मागणीच बंद केली तर? मेंदूच्या तळाशी मूठभर पेशी आहेत, त्या शरीराचं तापमान ठरवतात. ‘विराम’ त्यांच्यावर कानाला न ऐकू येणाऱ्या ध्वनीचा मारा करतं, रक्त हळूहळू गार करतं, आणि माणसाला त्या खारीसारखं निजवतं. बहुतेकांना अर्धवट झोप पुरते, त्यांचा मेंदू मंद चालत राहतो. पण मार फारच मोठा असला तर यंत्र स्वतःहून तिसऱ्या पायरीवर जातं. अठरा अंश तापमान, आणि मेंदूची क्रिया शून्य. सूज उतरेपर्यंत असंच ठेवायचं, मग तापवायचं.

हे सगळं मला त्या शनिवारी दुपारी कळलं. दोन वर्षांपूर्वी त्या यंत्राच्या चारशे वाक्यांवर सही केली, तेव्हा यातलं एक अक्षर माहीत नव्हतं. माझ्यासमोर नुसता तक्ता होता. दोनशे अकरावी ओळ: ‘ऍक्टिव्हिटी हॉल्टेड’. ‘आशय’ने सुचवलं होतं ‘एंसेरादा’, एकसष्ट टक्के. त्याचाही दोष नाही. क्रिया थांबल्याचे इंग्रजी शब्द त्याने कुठे वाचलेले असणार? टाळं लागलेल्या कारखान्यांच्या नोटिशींत. मलाही तो शब्द खटकला नाही, कारण लिस्बनमध्ये दुकानांच्या दारावर ‘एंसेरादु’ अशी पाटी लावतात आणि सकाळी ती उलटी करतात. पण खटला ‘एंसेरादु’ झाला, चौकशी ‘एंसेरादा’ झाली, म्हणजे कायमची मिटली. मेंदूचं काय समजायचं? हा प्रश्न मी स्वतःला विचारायला हवा होता. विचारला नाही.

कारण त्या दिवशी अंकुश बैराला निघाला होता. शेवटची दोनशे वाक्यं मी मोपा विमानतळाच्या वाटेवर गाडीत बसून उरकली. मी एकेका शब्दाशी घुटमळत होते तेव्हा अंकुश म्हणाला, “कर गो सही, विमान सुटात.” मी केली. विमानतळावर तो “जातंय” म्हणाला नाही, आमच्यात म्हणत नाहीत. “येतंय हां,” असं म्हणाला.

फोन ठेवून मी पायरीवर बसले. आये तांदूळ निवडत होत्या. त्यांनी माझा चेहरा बघितला आणि सूप बाजूला ठेवलं.

“काय सांगता ती डाक्टरीण?”

दोन भाषांची सही करणारी मी, आणि माझ्या तोंडून आलं ते असं: “डोक्याचं काम बंद झालंय म्हणते, आये.”

आये रडतील असं मला वाटलं होतं. त्या रागावल्या.

“बंद झाला म्हणजे? आपसूक बंद पडला, काय कोणी बंद केला?”

“म्हणजे?”

“म्हणजे काय म्हणजे! तुझो सासरो रोज संध्याकाळी दुकानाच्या फळयो लावी. तेव्हा काय म्हणी? दुकान वाढवलंय म्हणी. दुकान बंद पडला असा कधी म्हणाक नाय. जा, विचार तेका. पडला काय केला, ता विचार.”

माझ्या सासऱ्यांचं छत्र्या-चपलांचं दुकान होतं. वाढवणे म्हणजे मोठं करणं असं शहरातल्या पोरांना वाटतं. दुकान वाढवलं म्हणजे आजच्यापुरतं आवरलं, हे बांद्यातल्या पोराला सांगावं लागत नाही. अभद्र शब्द तोंडातून जायला नको म्हणून आपण नारळ वाढवतो, दुकान वाढवतो. आयेंना पोर्तुगीज येत नाही, इंग्रजीही येत नाही. पण दोनशे अकराव्या ओळीला जो प्रश्न विचारायचा होता तो त्यांनी तांदूळ निवडता निवडता विचारला.

मी जुना तक्ता उघडला. प्रत्येक पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत मूळ मजकूर लिहिणाऱ्याचं नाव असतं. भास्कर ढगे. ‘विराम’ बनवणाऱ्या पुण्याच्या कंपनीतून आता निवृत्त, मुक्काम कराड. दोन जणांकडून नंबर मिळवला. गृहस्थ आल्याच्या वाफ्याला पाणी देत होते, मागे पाण्याचा आवाज येत होता.

“दोनशे अकरा ना? ते माझंच इंग्रजी,” ढगे म्हणाले. “आम्ही आधी मराठीत लिहायचो हो बाई, डायरीत. मग इंग्रजी. थांबा, डायरी घरात आहे.”

मी थांबले. नळ बंद झाला. कोयंडा वाजला. पानं उलटल्याचा आवाज आला.

“हां. पायरी तिसरी. ‘यंत्राने क्रिया थांबवली.’ असं लिहिलंय.”

“थांबली नाही? थांबवली?”

“थांबवली. ‘व’ आहे. आपोआप थांबली तर ती वेगळी ओळ, तिथं लाल दिवा लागतो आणि भोंगा वाजतो.”

“मग इंग्रजीत ‘हॉल्टेड’ का लिहिलंत?”

“का म्हणजे? आमच्या गावात एसटी हॉल्टला यायची. रात्री मुक्काम, पहाटे पाचला सुटायची. ड्रायव्हरनं थांबवली म्हणजे हॉल्ट. बंद पडली तर त्याला ब्रेकडाऊन म्हणायचं.” ते जरासे हसले, आणि मी हसत नाही हे कळून थांबले. “का हो? झालं काय?”

मी सांगितलं. त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, “बाई, हे यंत्र तिथं कधीपासून आहे?”

ते हे का विचारत होते ते मला कळलं होतं: अंकुशच्या आधी तिथे किती जण झाले असतील? पण त्या क्षणी मला फक्त अंकुशची हनुवटी दिसत होती. मी ‘बघते’ म्हणाले आणि फोन ठेवला.

मराठीतला तो एक ‘व’ इंग्रजीत जाताना गळून पडला होता. ‘हॉल्टेड’मध्ये दोन्ही मावतं, थांबलेलंही आणि थांबवलेलंही. मग ‘आशय’ने त्यातलं एक उचललं, आणि मी त्याच्यावर शिक्का मारला. तीन टप्पे, तिन्ही ठिकाणी शहाणी माणसं किंवा शहाणी यंत्रं, आणि शेवटी उरलं काय, तर काचेमागे निजलेला माणूस मेला.

पुढचा फोन कंपनीला. विधी विभागाचे मिहिर सबनीस लगेच उचलतात, हे माझ्या ध्यानात आलं ते त्या दिवशी. एरवी माझ्या मेलला ते पंधरा दिवसांनी उत्तर देत. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“मॅडम, तुम्ही रुग्णालयाशी परस्पर बोलू नका. शब्द आम्ही पुढच्या अपडेटमध्ये बदलतो. पंधरा तारखेला.”

“आज तीन तारीख आहे. माझा नवरा उद्यापर्यंत आहे.”

“आय ॲम सॉरी, मला कल्पना नव्हती. त्यांचं मी आत्ता बघतो. तांत्रिक तपासणी आहे म्हणून आमचा इंजिनिअर कळवेल, ते यंत्र बंद करणार नाहीत. उलट सावकाश तापवायला सांगू. तुमच्या मिस्टरांपुरतं हे नक्की. बाकी कुणाला काही सांगायची गरज नाही. तुम्ही लेखी कबुली दिलीत तर तुमचा परवाना आधी जाईल, हे लक्षात घ्या. मी तुमच्या भल्यासाठी सांगतोय.”

मी हो म्हणाले.

खोटं कशाला सांगू? एका क्षणाचाही विचार न करता हो म्हणाले. अंकुश वाचतोय, बास. जगातल्या बाकी सगळ्या शब्दांचं काय व्हायचं ते होवो, असं मला वाटलं. मी आयेंना सांगितलं, बंद केलाय, पडलेला नाही, परत चालू करणार आहेत. आयेंनी देवापुढे दिवा लावला, आणि मी चहा टाकला. तो चहा मला गोड लागला, हे मी आजही विसरलेली नाही.

चारच्या सुमाराला, म्हणजे बैरात साडेबाराला, दोतोरा सेलेश्तचा पुन्हा फोन आला. त्यांचा आवाज आता गोंधळलेला होता.

“दोना हेमांगी, कंपनीने तुमच्या नवऱ्याला तापवायला सांगितलंय. म्हणतात, तपासणी आहे. मी सुरू करते, दोनच्या आत सुरू करते. अर्धा अर्धा अंश करत चाळीस तास लागतील. पण मला कळत नाही. मेलेल्या माणसाला तापवून काय तपासणार? तुम्ही आशा धरून बसू नये म्हणून मीच फोन केला.”

मी फक्त ‘धन्यवाद’ म्हणायचं आणि फोन ठेवायचा, एवढंच काम होतं.

“आणि बघा ना,” त्या बोलत होत्या, बहुधा स्वतःशीच, “दोन नंबरच्या यंत्रात फ्लोरिंदा आहे. शाळेत शिकवते. तिचाही पडदा काल सकाळपासून तेच सांगतोय. तिच्याबद्दल कंपनी काही बोलत नाही. तिचा मुलगा शवपेटीचं माप घ्यायला आला होता मघाशी. सोमवारी दहाला तिचं बंद करायचंय. तिला का नाही तपासायचं? तुमचा माणूस परदेशी आहे म्हणून?”

पोर्तुगीजमध्ये ‘असणे’ याला दोन क्रियापदं आहेत. एक कायमच्या असण्याचं, एक आजच्या असण्याचं. मी उंच आहे, हे पहिल्यात. मी दमले आहे, हे दुसऱ्यात. शिकत असताना मला एका गोष्टीचं फार नवल वाटलं होतं: मेलेल्या माणसासाठी ही भाषा दुसरं क्रियापद वापरते. इश्ता मोर्तु. जणू मरण ही आजच्यापुरती अवस्था आहे. तेव्हा मी ते वहीत लिहून खाली रेघ मारली होती. पंचवीस वर्षांत त्या रेघेचा काही उपयोग झाला नाही.

“दोतोरा,” मी म्हणाले, “फ्लोरिंदालाही तापवा. पडद्यावरचा शब्द चुकीचा आहे. क्रिया संपलेली नाही, यंत्राने मुद्दाम थांबवलेली आहे. तिथे ‘सुश्पेंसा पेलु आपारेल्यु’ असं हवं होतं. यंत्राने स्थगित केलेली. गार असताना माणूस जिवंत आहे की नाही हे कुणालाच सांगता येत नाही. तापवल्यावरच कळतं.”

“हे तुम्हाला कोणी सांगितलं?”

“ज्यांनी ते वाक्य लिहिलं त्यांनी. आणि ते चुकीचं भाषांतर ज्या बाईने मंजूर केलं, ती मी आहे.”

पलीकडे यंत्रांची घरघर ऐकू येत होती. मला वाटलं, आता त्या ओरडतील. मला ते हवंसंही वाटत होतं.

“आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं,” अखेर त्या म्हणाल्या. “गार पडलेल्या माणसाला मेलेला म्हणू नये, आधी ऊब द्यावी. पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. पण यंत्रच सांगतंय म्हटल्यावर... जे दुसऱ्या पायरीवर होते ते बरे होऊन गेले. म्हणून आम्हाला वाटलं, यंत्राला कळतं.”

“दोतोरा, याआधी किती?”

त्यांना मोजावं लागलं नाही.

“सहा. बटण प्रत्येक वेळी मीच दाबलं.”

त्याच संध्याकाळी, उजेड होता तोवर, मी दुरुस्तीपत्र लिहिलं, त्यावर सही केली, आणि ते रुग्णालयाला, कंपनीला आणि माझा परवाना देणाऱ्या परिषदेला एकदमच पाठवलं. सबनीसांचे सात फोन येऊन गेले. आठवा आयेंनी उचलला आणि “सून कामात असा” म्हणून ठेवून दिला.

सोमवारी सकाळी साडेनऊला बैराहून व्हिडिओ आला. अंकुशच्या गालांना रंग आला होता. नर्सने त्याला दोनतीनदा हाक मारली. त्याच्या पापण्या हलल्या, ओठ हलले, आणि तो म्हणाला, “पाणी.” मराठीत. नर्सला ते कळलं नाही, ती माझ्याकडे बघायला लागली. मी इकडून ओरडले, “आग्वा, आग्वा मागतोय तो!” त्या भाषांतरावर कुणी सही मागितली नाही.

रविवारी तापवायला घेतलेली फ्लोरिंदा मंगळवारी पुरती तापली. ती उठली नाही. डॉक्टरांनी ऊब आलेल्या अंगावर सगळ्या तपासण्या केल्या आणि मगच तिला मृत म्हटलं. तिचा मुलगा तिचा गरम हात धरून बसला होता, असं सेलेश्तने सांगितलं. तिसऱ्या पायरीवरून साधारण निम्मे लोक परत येतात, असा कंपनीचा अनुभव आहे. म्हणजे त्या सहांतले तीन कदाचित उठले असते. कोणते तीन, हे आता कुणालाच कधी कळणार नाही. मला रात्रंदिवस छळतं ते हेच. तीन घरांवर मी अन्याय केला असेन, पण ती कोणती हे ठाऊक नसल्यामुळे तो सहाही घरांवर झालाय.

दोन महिन्यांनी अंकुश घरी आला. उजव्या हातात जोर कमी, मधूनच एखादा शब्द हरवतो. परवा त्याला ‘खिडकी’ आठवेना, तर “भिंतीक पडलेला भोक” म्हणाला, आणि आम्ही तिघंही हसलो. माझा परवाना तोपर्यंत गेला होता. पडद्यावरचा शब्द पंधरा तारखेची वाट न बघता बदलला गेला होता, आणि कंपनीने सहा कुटुंबांना पाठवायचं म्हणून एक पत्र तयार केलं होतं. ते सबनीसांनी मला नजरेखालून घालायला पाठवलं. त्यात ‘भाषिक स्वरूपाची काही त्रुटी उद्भवल्याचे निदर्शनास आले’ असं होतं. पुढे ‘तथापि’ होतं. मी पुढे वाचलं नाही.

“मी वेगळं पत्र लिहिणार,” मी अंकुशला सांगितलं. “सेलेश्तने पत्ते दिलेत. ती आपलं लिहितेय, मी माझं.”

तो ओट्यावर बसून डाव्या हाताने डाव्या पायाची चप्पल घालायचा सराव करत होता.

“कित्या?” तो म्हणाला. “दोन वर्सां झाली काहींका. तेंनी रडान घेतला, वर्सश्राद्धासारखा जा काय असता ता केला. आता तू सांगतलीस, तुमचो माणूस कदाचित जिवंत होतो. तेंची झोप घालवतलीस. आणि कोणाचो जिवंत होतो, ता तरी तुका म्हायत असा?”

“नाय.”

“मगे?”

मी त्याला एवढंच विचारलं, “रविवारी दहाला तुका बंद केल्यानी असता, आणि माका कोणी काय्येक सांगाक नसता, तर तुका चालला असता?”

त्याने चप्पल खाली ठेवली.

“सही करूक मीच सांगितलंय,” तो म्हणाला. “गाडीत. विमान सुटात म्हणान.”

त्याला ते आठवत होतं. खिडकी आठवत नव्हती आणि हे आठवत होतं. मला वाटलं होतं, ती एक गोष्ट तरी त्या थंडीत पुसली गेली असेल.

“तू सांगितलंस,” मी म्हणाले, “पण हात माझो होतो.”

मी आत जाऊन टेबलाशी बसले. आधी मराठीत लिहायचं ठरवलं, ढग्यांसारखं. पहिलं वाक्य आलं: ‘माझ्याकडून एक चूक झाली.’ आपल्या भाषेत ही सोय फार छान आहे. कप फुटतो, दूध उतू जातं, चूक होते. करणारा कुठे दिसतच नाही. मी ते खोडलं. चूक काय एसटी आहे, आपोआप बंद पडायला? ‘मी चूक केली’ असं लिहिलं. बाहेर अंकुशने चप्पल घातली म्हणून आयेंनी त्याला शाबासकी दिल्याचं ऐकू आलं.

मग पोर्तुगीज. त्या भाषेत ‘मी’ लिहावा लागत नाही. ‘आसिनेइ’ एवढं म्हटलं की सही केली आणि ती मीच केली, दोन्ही कळतं. क्रियापदाच्या शेपटातच माणूस असतो. त्यावर वेगळा ‘एऊ’, म्हणजे ‘मी’, जोडला तर वाचणाऱ्याला उगाच ठासून बोलल्यासारखं वाटतं. मी लिहिलं: एऊ आसिनेइ. मी सही केली.

‘आशय’ने त्या ‘मी’खाली लगेच रेघ ओढली. अनावश्यक शब्द, काढून टाकावा, चौऱ्याण्णव टक्के.

मी प्रोग्रॅम बंद केला, आपसूक पडला नाही, मी केला. सहा कोरे कागद घेतले. प्रत्येकावर तो शब्द हाताने लिहिला, प्रत्येक पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत दोनदा वाचलं, आणि मग सही केली.